लवकीले बोट दाखवू नये

चहा तोंडात असंल तं पहिले गिळून घ्या बाप्पा. मागच्या खेपेले हा किस्सा सांगतला तं एका पाव्हण्याच्या नाकातून चहा आलता, न त्याचा शर्ट आमच्या घरी धुवा लागलता. हसायची मनाई नाही. फजिती माही आहे, माह्याच तोंडानं झाली, तं आता सांगाले तरी काहून लाजू?

मी बालाघाटच्या एका शाळेत बागकाम शिकवतो, हे तं तुम्हाले माहीत आहे. विशेष पोट्ट्यांची शाळा. कोणाचे पाय चालत नाही, कोणाले दिसत नाही, कोणी बोलत नाही, न कोणी बोलाले लागलं तं थांबत नाही. या शेवटल्या वर्गात मी पण येतो, असं आमची बडी मॅडम म्हणते.

शाळेच्या मागं बाग आहे. निळे प्लास्टिकचे ड्रम मधातून चिरले, लोखंडी घोडीवर ठेवले, माती भरली. म्हणजे चाकाच्या खुर्चीवाल्या पोट्ट्याले वाकाचं काम नाही, वांगं सिद्धं हाताखाली. एका बाजूले बांबूचा मांडव, त्याच्यावर लवकीचा वेल. लवकी म्हणजे तुमच्या पुण्यामुंबईवाल्यांचा दुधी भोपळा.

आता मी किरनापूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. धानाच्या बांधीत वाढलो. मले झाडाचं कोण शिकवते? घमेंड होती गा! वर्गात उभा राहून असा बोलो, जसं काय पाऊस मले इचारून पडते. तोंडात सुपारी, कमरेवर हात. बायको रोज ओरडे, "अहो, ती सुपारी सोडा, दाढ ठणकते म्हणता न वरून सुपारी खाता!" मी म्हणो, "लवंग ठेवली आहे न दाढेत, तू नोको शिकवू." मले कोणी शिकवलेलं चालेच ना.

आता दोन पोट्टे सांगतो तुम्हाले. दोनच. बाकीचे तीस ध्यानात नाही ठेवले तरी चालते.

एक हर्षल. तेरा वर्षांचा. याले एकदा नियम सांगतला का संपलं. मग कलेक्टर आला तरी नियम बदलत नाही. मी सांगतलं होतं, सकाळी एका झाडाले दोन मग पाणी. आखाडात धो धो पाणी पडून राह्यलं, न हा पोट्टा छत्री घेऊन वांग्यापाशी उभा! मोजून दोन मग घालून राह्यला!

म्हणलं, "अरे बाबू, वरून पडून राह्यलं न पाणी!"

तं मले म्हणते, "वरचं मोजलं नाही."

आता बोला! काय बोलता?

दुसरी पीहू. आठ वर्षांची, दोन वेण्या, डोळे टपोरे. बोलत नाही. तिले काही पाह्यजे असंल तं रडते, लोळते, मायच्या लुगड्याले झोंबते. माय तिची लालबर्र्याची, ममता ताई. बाप हैदराबादले कामावर. ही एकली माय बिचारी. पीहू शाळेच्याच होस्टेलात राहते, सुट्टीत गावी मायजवळ जाते. एकदा मले म्हणे, "सर, पोट्टी रडाले लागली का मी अख्खं घर तिच्या पुढं आणून ठेवते. पाणी ठेवते, बिस्कुट ठेवते, पंखा लावते, पंखा बंद करते. आठ वर्षं झाले, मी अंदाजच लावून राह्यली. एकदा तरी तिनं सांगावं का माय, मले हे दे."

तं आमच्या शाळेत एक नेहा मॅडम आहे, जबलपूरची. पोट्ट्यांले बोलणं शिकवते, न बोलता येत नसंल तं सांगणं शिकवते. तिनं पीहूले बोट दाखवणं शिकवाले घेतलं. तुम्ही म्हणान, बोट दाखवणं काय शिकवाची गोष्ट आहे? मी पण तेच म्हणलं होतं. पण पाहा न, आपलं लेकरू वर्षाचं झालं का चांदोबाले बोट दाखवते. ज्या लेकराले ते येत नाही, त्याचं सगळं मनातच राहते. नेहा मॅडम रोज पीहूचं ते अंगठ्याजवळचं बोट धरे, सरळ करे, पाण्याच्या माठाकडे ने, मग पाणी देई. रोज. सहा महिने.

न एक दिवस पीहूनं स्वतःच बोट काढलं. सरळ. माठाकडे. मॅडम पाणी द्यायचं सोडून रडाले लागली, शेवटी पाणी आमच्या स्वयंपाकवाल्या बाईनं पाजलं. ठरलं का पीहूचं बोट पक्कं होऊ द्याचं न मग एका शनिवारी ममता ताईले बोलवाचं. तिनं तिच्या डोळ्यानं पाहाचं, का माही पोरगी मले मागून राह्यली.

झालं. इथंवर सगळं गोडच होतं. मग मधात मी आलो.

भादव्याचे दिवस. मांडवावर पहिली लवकी धरली. अंगठ्याएवढी, हिरवीगार, अंगावर पांढरी लव. पोट्ट्यांले काय आनंद झाला म्हणता! सगळे मांडवाखाली जमा झाले, न पंधरा-वीस बोटं एकदम त्या बारक्या लवकीकडे!

न माह्या तोंडातून निंघालं, "एऽऽ! बोट नोको दाखवू! सडते!"

आता तुम्हीच सांगा, तुमच्या घरी नाही म्हणत का असं? कोवळ्या फळाले बोट दाखवलं का ते सडते न गळून पडते. माही माय तं लहानपणी हातावर फटका मारे. दाखवाचंच असंल तं बोट दुमडून, पेरानं दाखवाचं. ही आमच्या रक्तातली गोष्ट आहे. मी काही इचार करून बोललो नाही, शिंक येते तसं ते आलं.

पण थांबलो का? नाही. मी मास्तर न! डोळे मोठे केले, आवाज खाली आणला, न सगळ्यांले बोट दुमडून दाखवाचं शिकवलं. "असं. पेरानं. हौ, शाबास!" तीस पोट्टे बोट दुमडून लवकी पाहून राह्यले. मले वाटलं, वा, काय वर्ग घेतला आज!

हर्षलनं हात वर केला.

"सर, किती खेपा दाखवलं तं सडते?"

"एकदाच बस्स आहे."

"किती दिवसानं?"

"एका दिवसात."

"फक्त लवकीच?"

आता इथं गप बसाले काय झालतं मले? पण नाही. म्हणलं, "कोणतीही कोवळी चीज."

"कोवळी म्हणजे?"

"म्हणजे जे अजून वाढून राह्यलं ते."

हर्षलनं थोडा इचार केला. "आम्ही पण वाढून राह्यलो."

न मी, बावन्न वर्षांचा माणूस, हसून काय म्हणलो? "हौ, मग तुम्हाले पण नाही दाखवाचं!"

मी गंमत केली. हर्षलच्या दुनियेत गंमत नावाची चीज नाही, हे मी इसरलो.

दुसऱ्या दिवशी मांडवाले पुठ्ठा लटकला. हर्षलच्या हातचा, हिंदीत, कारण शाळेत लिहणं हिंदीतच चालते: "लौकी को उँगली दिखाना मना है।" लवकीले त्यानं दुधाची मोठी पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी घातली, वरून सुतळीनं बांधली, का कोणाचं बोट दिसलंच तं आतमधी जाऊ नये. मी पाह्यलं न पाठ थोपटली. "वा बाबू, काय काळजी घेतली!" ही शाबासकी पुढं मले किती महाग पडली ते येतेच आहे.

मग शाळेत काय सुरू झालं ते ऐका. खेळाचे सर मैदानात म्हणे, "तू, पुढं ये!" न बोट दाखवलं. झालं, ते पोट्टं जमिनीवर बसून भोकाड! का मी सडतो म्हणून! स्वयंपाकवाली बाई ताटं वाढताना बोटानं मोजे, एक, दोन, तीन... तं चार नंबरचं पोट्टं ताट टाकून पळालं. हर्षल वर्गावर्गात फिरून राह्यला, कोणाचं बोट सरळ दिसलं का जाऊन दुमडून देते. बडी मॅडमचं पण दुमडलं! मॅडम फोनवर बोलता बोलता खिडकीकडे बोट करून राह्यलती, तिकडे पोट्टे होते.

मले मोठी मजा येऊन राह्यलती. घरी जाऊन बायकोले सांगो, तिनं पण हसून घेतलं.

सोमवारी नेहा मॅडम बागेत आली. तोंड उतरलेलं. "सरजी, पीहू को क्या हो गया? चार दिन से पॉइंट नहीं कर रही. उँगली मोड़ लेती है. सीधी करती हूँ तो हाथ खींच लेती है."

मी मांडवाकडे पाह्यलं. पीहू तिथंच उभी होती. तिले माठातलं पाणी पाह्यजे होतं. तिनं बोट काढलं, लवकीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, न बोट पटकन दुमडलं. मग ते दुमडलेलं बोट पण फराकात लपवलं. न रडाले लागली, पहिल्यासारखी.

 तोंडातली सुपारी तोंडातच राह्यली बाप्पा.

तिथंच सांगून टाकाचं होतं. "मॅडम, माही चूक झाली," एवढेच चार शब्द. पण घमेंडखोर माणसाच्या तोंडातून हे चार शब्द निंघतात का? मी काय म्हणलो ठाऊक आहे? "थंडी-गिंडी लागली असंल बोटाले. तिळाचं तेल चोळा."

तिळाचं तेल! भादव्याच्या उन्हात थंडी!

मॅडमनं बडी मॅडमले सांगतलं, बडी मॅडमनं लालबर्र्याले फोन लावला, न मंगळवारी ममता ताई पहिल्या बसनं हाजीर. "जय भीम, सर. पीहूच्या बोटाले काय झालं जी?" मी म्हणलं, "जय भीम, ताई," न तेलाची वाटी तिच्या पुढं सरकवली. ती बाकावर बसली न वाटीतलं तेल घेऊन पोरीचं बोट चोळाले लागली. माह्या सांगण्यावरून! चोळता चोळता म्हणते, "बोलणं तं देवानं दिलंच नाही. आता एक बोट आलतं हातात, तेही गेलं का काय वं माय."

त्या दिवशी लाज म्हणजे काय ते मले समजलं. मी फावडं घेऊन वांग्याच्या ड्रमामागं जाऊन बसलो, उगीच माती उकरत.

दवाखान्यात बोटाचा फोटो काढला. डाक्टर म्हणे, "हड्डी एकदम ठीक है. इतनी अच्छी उँगली तो मेरी भी नहीं है." ताई गावाले गेली. शनिवारी परत याचं ठरलं.

बुधवारी भांडं फुटलं. नेहा मॅडमनं पीहूकडे बोट दाखवून बडी मॅडमले काही सांगाले सुरुवात केली, तं हर्षल धावत आला न मॅडमचं बोट दुमडलं. "बोट नोको दाखवू. पीहू वाढून राह्यली. एका दिवसात सडन. सरनं सांगतलं."

नेहा मॅडम हळूच माह्याकडे वळली. ओरडली असती तं बरं झालं असतं. ती बारीक आवाजात म्हणे, "छह महीने, सरजी. छह महीने लगे थे मुझे."

मी म्हणलं, "मॅडम, माही चूक झाली." निंघाले एकदाचे चार शब्द, पण पीहूचा एक्स-रे निंघाल्यावर.

"माँ को मैं कुछ नहीं बताऊँगी," ती म्हणे. "आपने बिगाड़ा है, आप ठीक कीजिए. शनिवार तक."

गुरुवारी मी सगळ्या शाळेले मांडवाखाली जमवलं. छाती पुढं काढून म्हणलं, "पोट्टेहो, सरनं खोटं सांगतलं होतं. बोट दाखवल्यानं काही सडत नाही."

हर्षल म्हणे, "पहिले सांगतलं ते खोटं का आता सांगून राह्यले ते खोटं?"

"पहिलेचं खोटं."

"दाखवून सांगा."

बरोबर आहे न त्याचं? मी म्हणलं, "हे पाहा!" न हात लांब करून, बोट सरळ करून, पन्नीतल्या लवकीले दाखवलं. एक खेप नाही, तीन खेपा. पोट्ट्यांनी डोळे झाकले. पीहूनं माही पँट धरली. म्हणलं, "उद्या सकाळी पन्नी सोडू. लवकी जशीच्या तशी दिसन. मग सगळ्यांनी बोटं सरळ कराची. कबूल?"

"कबूल," हर्षल म्हणे. न घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

त्या दिवशी घरी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी सगळे जमले. हर्षलनं सुतळी सोडली, पन्नी खाली ओढली.

पचाक!

काय सांगू गा तुम्हाले! लवकीचा खालचा अर्धा भाग भाजीसारखा शिजून खाली पडला! वरचा भाग देठाले लटकून राह्यला. वास असा का स्वयंपाकवाली बाई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण मेलं वं?"

आता तुमच्या ध्यानात आलंच असंल. भादव्याचं ऊन न वरून प्लास्टिकची पन्नी, हवा नाही, आत घाम जमून जमून लवकी केव्हाचीच उकडलती. शेंबडं पोट्टंही सांगन. किरनापूरच्या शेतकऱ्याच्या पोराले नाही समजलं, कारण किरनापूरच्या शेतकऱ्याचा पोरगा पन्नीची पाठ थोपटून राह्यलता!

पण ते पोट्ट्यांले कोण समजावन? त्यांनी काय पाह्यलं? सरनं बोट दाखवलं. एका दिवसात सडली. जसं सांगतलं तसंच. खोटं नाही सांगत, एक घडीभर मले पण वाटलं, माही माय बरोबरच म्हणे.

हर्षलनं घड्याळ पाह्यलं. "बावीस घंटे," तो म्हणे. "नियम बरोबर आहे." न गेला पुठ्ठ्यावरचं अक्षर पेनानं अजून जाड कराले.

पीहूनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. दिवसभर पुढं आणले नाही. जेवण नेहा मॅडमनं भरवलं.

मी समजावलं, पन्नी दाखवली, घाम दाखवला, दुसऱ्या पन्नीत टमाटर घालून उन्हात ठेवलं. कोणी ऐकंल तं शपथ. त्या दिवशी बायकोनं पण नाही हसलं. म्हणे, "तुमच्या जिभेले हाड नाही, हे मले लगनाच्या दिवशीच समजलं होतं. पण त्या मायचं काय करता आता?"

 दाढही त्या दिवशी जोरानं ठणकून राह्यलती, पण मले तिची शुद्ध कुठं?

शनिवारी ममता ताई आली. नवं लुगडं नेसून. डब्यात मुरमुऱ्याचे लाडू, पीहूले आवडते म्हणून. तिले कोणी काही सांगतलं नव्हतं. नेहा मॅडमनं मांडवाखालीच टेबल मांडलं. त्यावर तीन चीजा ठेवल्या: पाण्याची बाटली, गेंद न एक लाडू.

"पीहू, क्या चाहिए बेटा?"

पीहूनं लाडूकडे पाह्यलं. सारखं पाह्यलं. तोंडाले पाणी सुटलं होतं पोरीच्या. पण हात पाठीमागं ते पाठीमागं.

"पीहू, माय आली न. सांग न मायले."

नाही. मी मांडवाच्या खांबाले धरून उभा.  बडी मॅडम खाली पाहून राह्यलती.

ताईनं थोडा वेळ पाह्यलं, मग स्वतःच लाडू उचलला. "राहू द्या मॅडम," ती म्हणे. "तुम्ही लय मेहनत केली. घरी चालते तसं चालन. मले सवय आहे अंदाज लावाची."

मले वाटलं, जमिनीनं मले पोटात घ्यावं, लवकीच्या बाजूले.

मग ताई पीहूसमोर खाली बसली, तिचे हात मागून पुढं आणाले लागली, तं पीहूनं हिसडा मारला. ताई चमकली. "हे काय वं? ही तं भेली आहे! हात काहून लपवते? कोणं भेव दाखवलं तुले?"



पीहूनं मान फिरवली. माह्याकडे पाह्यलं. पाठीमागचा हात थोडासा पुढं आला, न थांबला. तिनं हर्षलकडे पाह्यलं. जसं काय परमिशन मागून राह्यली.

हर्षल पुठ्ठ्यापाशी उभा होता. त्यानं मले खालून वर पाह्यलं. माहे पांढरे केस पाह्यले, टक्कल पाह्यलं, पोट पाह्यलं. न निकाल देला.

"सर म्हातारे आहे. सर वाढून राह्यले नाही. सरले चालते."

न पीहूचं बोट निंघालं! सरळ! एकदम ताठ! माह्या नाकासमोर!

ताईनं त्या बोटाकडे पाह्यलं, मग माह्याकडे. "सरनं?"

पीहूनं बोट अजून पुढं केलं. सरनंच!

न ताई रागवाच्या जागी रडाले लागली. मांडवाखाली बसल्या बसल्या, पदर तोंडाले लावून. "सांगतलं न वं! मी इचारलं न माह्या पोट्टीनं सांगतलं! आठ वर्षांत पहिल्यांदा उत्तर देलं मले!" नेहा मॅडम पण रडे. बडी मॅडम चष्मा पुसे. जिंदगीत मले कितीक लोकांनी बोट दाखवलं, पण माह्याकडे बोट दाखवल्यावर एवढे लोक कधी खूश झाले नव्हते. मी पण रडलो, काहून खोटं बोलू?

एकदा बोट सुटलं मग थांबते का? लाडूकडे बोट! लाडू काही वाढत नाही न. बाटलीकडे बोट! गेंदाकडे! माठाकडे! मायच्या नव्या लुगड्याकडे! न त्या आनंदात, कोणी पाह्यलं नव्हतं ती पानाआड लपलेली दुसरी लवकी पीहूले दिसली, बोटभर, अगदी कोवळी. तिच्याकडे पण सरळ बोट!

सगळे पोट्टे ओरडले. मी डोळे झाकून घेतले. मनात म्हणलं, देवा, ही तेवढी नोको सडू देऊ.

मी ताईले सगळं खरं खरं सांगतलं. तेलाचं पण सांगतलं. तिनं डोळे पुसले न म्हणे, "सर, तुम्हाले दोन झापडा देवाव्या वाटते. पण पहिले लाडू घ्या." न डब्यातला सगळ्यात मोठा लाडू माह्या हातात देला. त्या लाडवाले कोण नाही म्हणन? मी एका बाजूनं कडाडून चावला.

डाव्या बाजूनं. ठणकत्या दाढेच्या.

कडाक् वाजलं ते लाडवातलं नव्हतं.

रविवारी सकाळी माहा गाल कोहळ्याएवढा. बायको मले दातवाल्या डाक्टरकडे घेऊन गेली. त्यानं तोंडात बॅटरी मारली न म्हणे, "ये तो पूरी सड़ गई है. निकालनी पड़ेगी." निंघाली. रविवार असून डबल फीस घेतली त्यानं.

सोमवारी शाळेत गेलो. गालाले रुमाल बांधलेला, तोंडातून बोलणं नाही. पोट्टे मांडवाखाली जमा होते. ती बोटभर लवकी दोन दिवसांत वीतभर झालती, टवटवीत, लुसलुशीत. पन्नी नाही, काही नाही.

हर्षलनं पहिले लवकी पाह्यली. मग माह्याकडे आला. "काय झालं, सर?"

बोलता येईना. मी गालाकडे बोट दाखवलं, पण दुमडून, पेरानं! सवय लागलती न. मागून बायकोनंच सांगून टाकलं, मले शाळेत सोडाले आलती ती. "दाढ सडली तुह्या सरची. काल काढली."

हर्षलनं खिशातून कागद काढला, वेळ पाह्यली, बोटावर घंटे मोजले. शनिवारी पीहूनं लवकीले बोट दाखवलं, लवकी नाही सडली. शनिवारी पीहूनं सरले बोट दाखवलं, एका दिवसात सरची दाढ सडली. लय वेळ तो माह्या टकलाकडे पाहत राह्यला.

"म्हणजे," तो म्हणे, "सर अजून कोवळे आहे."

न गेला, मांडवाचा पुठ्ठा काढून आणला, त्यावरची लौकी खोडली, न पुठ्ठा माह्या खुर्चीले बांधला. आजही तिथंच आहे, या कधी बालाघाटले तं पाहून जा: "सरजी को उँगली दिखाना मना है।"

बडी मॅडम पण आता मले बोट दुमडूनच बोलावते.